बाळाच्या रॅशला काय लावावं: चांदीचं क्रीम की साधी जेली?

घरात चांदीचे वाळे नि वाटी-चमचा चालतो, मग क्रीममधली चांदी का नको, असं नौपाड्यातल्या आजीने विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पण वाळा घट्ट धातूचा. कोलॉइडल सिल्व्हरच्या क्रीममध्ये तीच चांदी अतिसूक्ष्म कणांत असते आणि लंगोटाखाली, सोललेल्या कातडीवर तासन्‌तास राहते. अशी नॅनो चांदी प्रसाधनांत सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायला युरोपच्या वैज्ञानिक समितीला २०१८ मध्ये पुरेशी माहितीच मिळाली नव्हती.

पेट्रोलियम जेलीला ना रुबाब, ना जंतू मारण्याचा दावा. ओल अडवते, बस्स. साध्या रॅशला बहुतेकदा तेवढंच लागतं, म्हणून माझं मत जेलीलाच. आईच्या चिरलेल्या स्तनाग्रांना शुद्ध लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून काढलेला मेणासारखा पदार्थ) बरं. तिथे लावलेली चांदी थेट बाळाच्या तोंडात जायची.

भाजल्यावर लावायची सिल्व्हर सल्फाडायझीनची ट्यूब मात्र या तुलनेत धरूच नका. तिच्यातल्या सल्फा या जंतू मारणाऱ्या औषधामुळे नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला ती देत नाहीत.