हायपोथिसिस की डिगो?

मुंबईच्या विकास आराखड्यासारखी जाडजूड पीडीएफ चारचौघांनी मिळून वाचायची असेल, तर वेबपानांवर आणि पीडीएफवर टिपा लिहायच्या साधनांपैकी मी हायपोथिसिसच सुचवेन. गट करायचा, दादर-डोंबिवलीकरांना लिंक धाडायची. वाक्य निवडून टीप लिहिली की तिच्याखालीच उत्तरं सुरू. तीच फाइल प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर उघडली तरी टिपा दिसतात, कारण ओळख पटते ती फाइलच्या ठशावरून, म्हणजे तिच्या आतल्या डिजिटल खुणेवरून. (नुसती स्कॅन केलेली पानं नकोत, अक्षरं निवडता यायला हवीत.) गटाऐवजी सगळ्यांसाठी खुल्या ‘पब्लिक’मध्ये लिहिलंत तर ते सीसी-झिरो परवान्याखाली, म्हणजे कुणीही उचलावं. टीप न लिहिता नुसतं रंगवलेलं (हायलाइट) मात्र फक्त तुम्हालाच दिसतं.

डिगो हेही तसलंच साधन, पण त्याचा पिंड संग्राहकाचा: बुकमार्क, टॅग, रंगीत हायलायटर, चिकटचिठ्ठ्या. गट तिथेही आहेत, पण चर्चा रंगायला ती जागा नव्हे. एकट्याने लेख साठवणाऱ्याला तेच बरं.