लेखन केंद्र: आधी वेळ घ्यायची की सरळ यायचं?

विद्यापीठात लेखन केंद्र, म्हणजे विद्यार्थ्यांना त्यांच्या लेखनात मदत करणारी जागा, काढायचं ठरलं की खोली कुठली, संगणक किती, फलकावर काय लिहायचं यावर बैठकांमागून बैठका होतात. विद्यार्थ्यांनी आत यायचं कसं, हा विषय मात्र बैठक संपताना उरकला जातो. मला वाटतं, केंद्र नेमकं कोणाच्या उपयोगी पडणार ते इथेच ठरतं. मी एक वर्ष ऑनलाइन फॉर्मवर वेळ देऊन केंद्र चालवलं आणि त्यानंतर दार उघडं ठेवून. तुम्ही यातलं एक निवडायच्या बेतात असाल, तर माझा अनुभव सांगतो.

आधी वेळ घेण्याची पद्धत आम्ही अमेरिकेतल्या केंद्रांकडे पाहून उचलली. तिथे हे काम रुळलेलं आहे. पर्ड्यू विद्यापीठाची रायटिंग लॅब १९७६ पासून चालू आहे आणि तिचं साहित्य १९९४ पासून इंटरनेटवर आहे. आमची मुलंसुद्धा संदर्भसूचीचे नियम तिथेच पाहतात. तिकडच्या बऱ्याच केंद्रांत विद्यार्थी अर्ध्या-पाऊण तासाची वेळ आधी ठरवतो. न कळवता दोन-तीनदा गैरहजर राहिला की त्याचं बुकिंग त्या सत्रापुरतं बंद होतं. वसतिगृहात राहणाऱ्या, मेल रोज उघडणाऱ्या मुलाला हे सहज जमतं.

या पद्धतीचं मोल मी नाकारत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी तर तीच हवी. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम आल्यापासून दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य असण्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेची धास्ती सगळ्यांनीच घेतली आहे. साम्य-अहवालाची, म्हणजे जुळणारा मजकूर दाखवणारी, रंगीत पानं घेऊन कोणी आलं, की कुठला भाग अवतरणाचा, कुठला संज्ञांमुळे जुळलेला आणि कुठला खरोखर उचललेला, हे ओळीओळीने पाहावं लागतं. त्याला निवांत तासभर हवा, आणि प्रकरण आधी वाचलेलं असलं तर फारच बरं.

पण रोजच्या कामात मला छळलं ते रिकाम्या खुर्चीने.

आमच्याकडे मदतनीस म्हणून एमएची मुलं बसतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. फॉर्मवर अकराची वेळ भरलेली असायची. अकरा वाजायचे, सव्वाअकरा व्हायचे, कोणी यायचं नाही. मदतनीस मुलगी वही उघडून वाट पाहत राहायची. हजेरीपत्रकावर तो तास मांडताना तिलाच अपराधी वाटायचं. आठवण करणारे मेसेज पाठवले, पण फारसा फरक पडला नाही. फॉर्म भरणं फुकट, न येणंही फुकट. शिवाय फॉर्म उघडताच वेळा घेऊन ठेवणारी मुलं बहुतेक तीच असायची, ज्यांचं लेखन मुळात बऱ्यापैकी होतं.

एका मंगळवारी दुपारी एक मुलगा दारात उभा राहिला. हातात प्लास्टिकची फाइल, आत संशोधन आराखड्याची चार पानं. ‘सर, पाच मिनिटं मिळतील का? माझी सव्वापाचची एसटी आहे.’ मी यादी पाहिली. चारची वेळ दुसऱ्याच्या नावावर होती, म्हणून त्याला थांबायला सांगितलं. साडेचारपर्यंत ज्याची वेळ होती तो आला नाही. मग मीच याला आत बोलावलं आणि पहिला परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. ‘सदर गावातील पाणीटंचाईच्या अनुषंगाने अभ्यास करण्यात आलेला आहे.’

‘कोणी केला?’

‘मीच.’

‘कसा?’

‘आमच्याच गावात, सर. घरोघर जाऊन विचारलं. बाया किती लांबून पाणी आणतात ते पावलांनी मोजलं.’

पावलांनी मोजल्याचं चार पानांत कुठेच नव्हतं. त्याने ते तिथेच समासात लिहून घेतलं, पण तेवढ्यात पाच वाजत आले आणि उरलेली तीन पानं न वाचताच तो स्टँडकडे पळाला. त्याच्यासाठी असलेला अर्धा तास मी एका रिकाम्या खुर्चीसाठी राखून ठेवला होता. ते मला फार लागलं.

पुढच्या सत्रापासून दार उघडं ठेवलं. दारातच एक वही. नाव, विषय आणि कशासाठी आलात एवढंच लिहायचं आणि क्रमाने आत यायचं. याचेही त्रास आहेत. ऑगस्टमध्ये काही दुपारी कोणी फिरकत नाही आणि आराखडे जमा करायच्या आठवड्यात बाहेर रांग लागते. प्रत्येकाला वीसच मिनिटं मिळतात. मागच्या वेळचा मदतनीस पुन्हा भेटेलच असं नसतं, त्यामुळे काय बोलणं झालं त्याच्या दोन ओळी वहीत लिहाव्याच लागतात. संख्या आधी सांगता येत नाही म्हणून प्रशासनाला ही पद्धत ढिसाळ वाटू शकते. तुमच्याकडे बहुतेक मुलं वसतिगृहात राहत असतील आणि पीएचडीवाले जास्त असतील, तर कदाचित फॉर्मच सोयीचा पडेल.

आमच्याकडे मात्र मदतनीस रिकामा बसला तरी आता दार कोणासाठी अडलेलं नसतं. येणारा चेहरा नवा असतो. पुष्कळदा आराखडा फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्येच असतो, आणि ‘इथे मराठीत लिहिलेलं चालतं का?’ असं विचारत कोणीतरी डोकावतं. चालतंच.

पीएचडीसाठी शुक्रवारची सकाळ अजून फॉर्मवर ठेवली आहे. न येणारे तिथेही असतात, पण त्यामुळे बाहेर कोणी ताटकळत नाही. बाकी चार दिवस दीड ते पाच. दार उघडं केलं तेव्हा सुरुवातीला तीन ते सहा होतं. स्टँडवर जाऊन गावोगावच्या गाड्यांचं वेळापत्रक उतरवून आणलं आणि मग बदललं.