एकाच जागेवरचे दोन वकील: वेबस्टर आणि सम्नर

अमेरिकेच्या सिनेटमधली (संसदेच्या वरच्या सभागृहातली) मॅसॅच्युसेट्स राज्याची एक जागा, आणि थोड्याच अंतराने तिथे गाजलेले दोन वकील.

डॅनियल वेबस्टर म्हणजे कोर्टातला वाघ. डार्टमथ कॉलेज, मॅकलक, गिबन्स असे तिन्ही गाजलेले खटले सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूने लागले. १८२७ मध्ये सिनेटर झाला तरी वकिली सोडली नाही. खटकतं ते इथेच. १८३३ मध्ये 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'चा प्रश्न संसदेत पेटलेला असताना, त्याच बँकेचा वकील असलेल्या वेबस्टरने तिच्या अध्यक्षाला पत्र धाडलं: माझी फी नेहमीप्रमाणे 'ताजी' (म्हणजे नव्याने दिलेली) झालेली नाही! आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते सांगायला नको.

चार्ल्स सम्नरला वकिलीचा धंदा फारसा जमलाच नाही. त्याचा लक्षात राहणारा खटला १८४९ चा, तोही हरलेला. साराह रॉबर्ट्स या कृष्णवर्णीय चिमुरडीला गोऱ्यांच्या शाळा ओलांडून लांबच्या शाळेत जावं लागे. तिच्यासाठी तो बॉस्टन शहराविरुद्ध उभा राहिला. १८५५ मध्ये राज्याने कायदाच बदलला.

१८५० मध्ये वेबस्टरने पळून गेलेल्या गुलामांना पकडून देणाऱ्या कायद्याची पाठराखण केली आणि आपल्याच लोकांच्या मनातून उतरला. सम्नर १८५१ मध्ये जेमतेम एका मताने निवडून आला. गुलामगिरीविरुद्धच्या भाषणानंतर, २२ मे १८५६ ला ब्रूक्स नावाच्या खासदाराने त्याला सभागृहातच काठीने झोडपलं. सुटण्याच्या धडपडीत सम्नरचं जमिनीला ठोकलेलं टेबल उखडलं. पुढची सुमारे तीन वर्षं ती जागा बहुतेक रिकामीच राहिली.

खटला चालवायचा तर मी वेबस्टरकडे जाईन. मत मात्र सम्नरला.