जेल नेलपॉलिश काढायचं तर इथेच
लग्नसराईत दुसऱ्या एका पार्लरमध्ये माझं जेल पॉलिश (दिव्याखाली पक्कं करतात ते टिकाऊ नेलपॉलिश) अक्षरशः खरवडून काढलं, नखं कागदासारखी पातळ झाली, भांडी घासताना गरम पाणी लागलं तरी झोंबायचं. मग मैत्रिणीने कोथरूडच्या या छोट्या नेल स्टुडिओत नेलं. ताईंनी पॉलिशचा वरचा थर हलकेच फाईलने घासला, ॲसिटोनचा कापूस ठेवून वर फॉईल गुंडाळली, 15 मिनिटं थांबल्या आणि पॉलिश आपसूक सुटलं, ओढाओढ नाहीच. क्युटिकलही (नखाच्या मुळाशी असते ती पातळ कातडी) कापलं नाही, नुसतं मागे सरकवलं. नवीन जेल लावा म्हटलं तर सरळ नाही म्हणाल्या, नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, खराब भाग आधी निघून जाऊ दे, तोवर रोज रात्री तेल लाव. हातचं गिऱ्हाईक असं कोण परत पाठवतं हो! पार्किंग नाही, रिक्षाने जा.