रिकाम्या ओपीडीचं डेंटल कॉलेज : आमची फसवणूक कशी झाली

नीटचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवसापासून पालकांचे मोबाइल वाजायला लागतात. मुलीचं नाव, मार्क, कॅटेगरी, जिल्हा, सगळं समोरच्याला आधीच माहीत असतं. माझ्या निकालानंतर पप्पांनाही असेच फोन आले. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एमबीबीएसला नंबर लागणार नाही हे मार्कांवरून दिसतच होतं आणि बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) करायचं माझं ठरलेलं होतं. लातूरच्या एका ‘ॲडमिशन गाइडन्स’वाल्यानं पप्पांना सांगितलं, “गुरुजी, पोरीचं वर्ष वाया घालवू नका. सीटा भराभर चालल्यात. टोकन द्या, मी एक ब्लॉक करून ठेवतो.”

सध्या चॉइस फिलिंगची, म्हणजे पोर्टलवर कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याची, तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. एजंटनं खाल्लेले पैसे हा यातला लहान भाग आहे. खरी फसवणूक कॉलेजनं केली, आणि ती उघडी पडेपर्यंत तिसरं वर्ष उजाडलं होतं.

आधी एजंटचं. त्यानं सीईटी सेलच्या, म्हणजे राज्यातले प्रवेश करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पोर्टलचा माझा लॉगिन आयडी आणि पासवर्ड मागून घेतला. “फॉर्ममध्ये एक चूक झाली तर सगळं संपलं, आम्ही रोज भरतो,” असं म्हणाला. ओटीपी आला की फोन करून विचारायचा. टोकनची रक्कम रोख घेतली आणि पावती म्हणून एका कोऱ्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला, खाली सही नाही. पुढे कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडच्या यादीत माझं नाव आलं. “बघा गुरुजी, शब्द दिला होता ना?” असं म्हणून त्यानं उरलेले पैसेही नेले.

ती सीट मला माझ्या मेरिटवर मिळाली होती. यात त्याचा हात कुठेच नव्हता. खासगी कॉलेजांतल्या राज्य कोट्याच्या जागा गुणवत्ता यादीनं आणि आपण भरलेल्या पसंतीक्रमानं भरतात, तिथे कोणी सीट ‘ब्लॉक’ करू शकत नाही. या लोकांची रीत साधी आहे. पन्नास मुलांकडून पैसे घ्यायचे. ज्यांचा नंबर आपोआप लागतो त्यांचे ठेवून घ्यायचे आणि ज्यांचा लागत नाही त्यांना कटकट करतील तसे थोडे थोडे परत करायचे. माझ्या बाबतीत त्यानं आणखी एक केलं. त्याचं कमिशन ज्या कॉलेजात ठरलेलं होतं ते कॉलेज त्यानं पसंतीक्रमात पहिल्या नंबरवर टाकलं. माझ्याच कॅटेगरीतल्या, माझ्यापेक्षा कमी मार्कांच्या एका मुलीला त्याच राउंडमध्ये मोठं हॉस्पिटल जोडलेलं, जुनं, नावाजलेलं कॉलेज मिळालं. पुढे सीईटी सेलची कटऑफची यादी उघडून पाहिली तेव्हा हे पांढऱ्यावर काळं दिसलं.

“सीटा चालल्यात” हेही धादांत खोटं. बीडीएसच्या जागा देशभर दरवर्षी रिकाम्या राहतात. २०२०-२१ मध्ये तर सुमारे ७ हजार जागा भरल्या गेल्या नव्हत्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या वर्षापुरती पात्रतेची अट १० पर्सेंटाइलनं खाली आणायला लावली. ज्या कोर्सच्या जागा उरतात, तिथे घाईचं कारण फक्त एजंटकडे असतं.

आता कॉलेज. प्रवेशाआधी आम्ही ते पाहून आलो होतो. दर्शनी भागाला काच, खाली ग्रॅनाइट, रिसेप्शनला ताजी फुलं. वरच्या मजल्यावर डेंटल चेअरच्या रांगाच्या रांगा, एकसारख्या निळ्या. मुलींच्या हॉस्टेलचं गेट, रजिस्टर, सीसीटीव्ही असं सगळं आईला मुद्दाम फिरवून दाखवलं. मुलीच्या पालकांना कशानं धीर येतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्या दिवशी कुठली तरी सुट्टी होती, म्हणून ओपीडी बंद आहे असं सांगण्यात आलं.

बीडीएसची रचनाच अशी आहे की वाईट कॉलेज दोन वर्षं लपून राहू शकतं. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि दातांची रचना. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, तासन् तास. कार्व्हरनं कोरून कोरून बोटांना घट्टे पडतात, आणि दाढेचे उंचवटे एकदाचे जमले की अंगावर मूठभर मांस चढतं. दुसऱ्या वर्षी प्लास्टर, फँटम हेड (सरावासाठीचं कृत्रिम डोकं), काढून ठेवलेल्या दातांवर खड्डे करायचे आणि भरायचे. या सगळ्याला पेशंट लागत नाही. मेण, प्लास्टर आणि एक बरा शिक्षक एवढ्यावर भागतं. आम्हाला दोन-तीन फार चांगले शिक्षक होते, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं आणि मी ॲप्रन घालून त्या निळ्या खुर्च्यांजवळ गेले. बऱ्याच खुर्च्यांच्या हेडरेस्टवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. एअरोटरला (दात कोरायच्या यंत्राला) हवेची नळी जोडलेली, पण पाणी नाही. थुंकायच्या भांड्यात धुळीचा थर. सकाळच्या वेळेत अख्ख्या ओपीडीत मोजकी माणसं, त्यातली निम्मी कॉलेजचेच शिपाई, ड्रायव्हर आणि त्यांचे नातेवाईक.

विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं तर ठरलेला कोटा पूर्ण लागतो : इतके दात काढले, इतकी फिलिंग केली, इतक्या कवळ्या बसवल्या. पेशंट कॉलेजनं द्यायचे असतात. आमच्याकडे ते आम्हीच आणायचे. एसटी स्टँडवर, बाजारात जाऊन लोकांना गाठायचं, रिक्षाचं भाडं द्यायचं, वर जेवणाचे पैसे द्यायचे. एक आजोबा होते, तोंडात एकही दात नाही. दर बॅचमधली पोरं त्यांच्यावरच पूर्ण कवळीची केस करायची. मी माप घ्यायला बसले तेव्हा त्यांनी पिशवीतून आधीच्या कवळ्या काढून ट्रेमध्ये मांडल्या. एकही नीट बसत नव्हती, कारण प्रत्येक जोडी सबमिशनपुरती केलेली. “पोरी, तू तरी जेवता येईल अशी कर,” असं ते म्हणाले. ज्या सरांनी शेजारी उभं राहून चावा कसा जुळवायचा हे शिकवायचं, ते सर आठवड्यातून एकदाच यायचे. उरलेले दिवस त्यांच्या जागी मस्टरवरची सही असायची.

इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र कॉलेज ओळखू येत नसे. सकाळपासून आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून माणसं यायची, पोर्चमध्ये नाश्ता वाटला जायचा. कधी न पाहिलेले प्राध्यापक कडक इस्त्रीच्या ॲप्रनमध्ये आपापल्या विभागात बसायचे. एकाच माणसाच्या नावानं तीन विभागांत केस पेपर काढलेले मी स्वतः पाहिले आहेत. ओपीडीचं रजिस्टर तर आम्हा विद्यार्थ्यांनाच भरायला लावलं जाई, गावांच्या मतदार यादीतली नावं उतरवून.

इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड खात्यावर जमा व्हायचा आणि तेवढीच रक्कम रोख परत मागितली जायची. दिली नाही तर पूर्णत्वाचा दाखला अडकायचा. पदवी हातात आली, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणीही झाली. पण पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये कामाला लागले तेव्हा तिथल्या मॅडमनी अगदी तुटपुंज्या पगारावर मला पुन्हा सुरुवातीपासून शिकवलं : भूल कुठे द्यायची, अक्कलदाढ किती वेळ ओढायची आणि कुठल्या क्षणी हात थांबवून सर्जनला बोलवायचं. कॉलेजनं आमच्याकडून इतक्या वर्षांची फी घेतली ती नेमकी याच शिक्षणासाठी. चुलीजवळ न जाता कोणी आचारी होत नाही, मग पेशंट न पाहता दंतवैद्य कसा होणार? आणि या फसवणुकीत आमच्याबरोबर उद्या आमच्या खुर्चीत बसणारी माणसंही भरडली जातात, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, कॉलेज बघायला जाल तेव्हा आधी फोन करू नका. शाळा-बँका चालू असतात अशा साध्या सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहा-साडेदहाला सरळ ओपीडीत जा आणि तासभर बाकावर बसा. केस पेपरच्या खिडकीवर रांग आहे का? त्या दिवसाचा कितवा नंबर चालू आहे? खुर्च्यांमधून पाण्याचा, सक्शनचा आवाज येतो का? कवळीवाली म्हातारी माणसं, दातांना तार लावलेली मुलं, सुजलेला गाल धरून बसलेला कोणी दिसतो का? मुंबईत नायर डेंटलच्या किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत एक सकाळ काढलीत तर चालू ओपीडी कशी दिसते हे आपोआप कळेल. मग दुसरीकडचा देखावा डोळ्यांना लगेच खुपतो.

नंतर बाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. कॉलेजनं गाठ घालून दिलेल्या विद्यार्थ्याशी बोलून उपयोग नाही, तो पढवलेलंच बोलणार. टपरीवरच्या इंटर्नला विचारा : तू स्वतःच्या हातानं किती दात काढलेस, किती रूट कॅनल पूर्ण केलेस, पेशंट कॉलेज देतं की तुम्ही आणता, स्टायपेंड हातात राहतो का. खरं सांगायला ही मुलं आतुर असतात, त्यांना कोणी विचारतच नाही. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन आणि सर्जरीचं पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात होतं हेही विचारा, आणि जमलं तर ते हॉस्पिटलही पाहून या.

कागद घरबसल्या तपासता येतात. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं आहे, हे आधी बघा. अभिमतचे प्रवेश एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून, होतात आणि फीचं गणितही वेगळं असतं. कॉलेज नवीन असेल तर पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत परवानगी दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते, म्हणून या वर्षीचं पत्र मागा, मागच्या वर्षीचं चालत नाही. राज्यातल्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्याहून वेगळं ‘डेव्हलपमेंट’, ‘किट’, ‘लायब्ररी डिपॉझिट’ म्हणून कोणी रोख मागितलं तर पावती मागा. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी घेता येत नाही आणि देणगी घेणं तर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. आमच्याकडून ‘किट’च्या नावाखाली घेतलेली रक्कम बँकेतून गेली होती, म्हणून प्राधिकरणाकडे तक्रार करता आली आणि ती पुढच्या फीत वळती झाली. एजंटला दिलेल्या रोख रकमेचा मात्र पोलिसांसमोर ठेवण्यासारखा एकही पुरावा त्यानं शिल्लक ठेवला नव्हता. दिवाळीपर्यंत त्याचं ऑफिसही बंद झालं होतं.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. संस्थात्मक (मॅनेजमेंट) कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात घेतला तर ही माफी मिळत नाही. एजंट “कोट्यातून करून देतो, कॅपची वाट कशाला बघता” म्हणतो तेव्हा तो तुमच्या मुलीची चार वर्षांची फीमाफी बुडवत असतो, आणि हे तो कधीच सांगत नाही.

पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका, ओळखीच्या सायबर कॅफेवाल्यालाही. गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडून आपल्या कॅटेगरीचे आकडे वहीत उतरवा, ज्या कॉलेजांची ओपीडी स्वतः पाहून आलात त्यांनाच वरचे क्रमांक द्या आणि फॉर्म लॉक केल्यावर त्याची प्रिंट काढून ठेवा. तुमच्या ओळखीत कोणाला असा फोन आला असेल तर त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचलेलं असावं, एवढ्यासाठी हे त्यांच्यापर्यंत जरूर पोचवा.