सेस्नाच्या वार्षिक तपासणीची तयारी : दोनशे पानी वहीचा अकरा महिन्यांचा अनुभव

अप्पा बळवंत चौकातून आणलेली, लाल कापडी बांधणीची, दोनशे पानी वही. मागच्या एप्रिलपासून ती आमच्या विमानात पायलटच्या सीटमागच्या खिशात आहे. मार्चमध्ये विमान वार्षिक तपासणीला गेलं आणि वहीचा खरा कस लागला, म्हणून आता लिहितोय.

विमान म्हणजे १९७४ चं सेस्ना १७२ एम, १५० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. मुक्काम न्यू जर्सी. भागीदार तिघे : मी, साताऱ्याचा एक मित्र आणि एक निवृत्त अमेरिकन मास्तर. अमेरिकेत असल्या खाजगी विमानाची दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी व्हावी लागते, आणि सही करायला साधा मेकॅनिक चालत नाही, तपासणीचा खास अधिकार असलेलाच लागतो. मुदत महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात. म्हणजे ३ मार्चला झाली काय नि २८ मार्चला झाली काय, पुढच्या वर्षीचा ३१ मार्च तुमचाच. आम्ही हे कळल्यापासून महिन्याच्या सुरुवातीलाच नंबर लावतो.

त्याआधीच्या वर्षी आमची तयारी म्हणजे शून्य. एका वर्कशॉपला किल्ली दिली, "बघा काय ते" म्हटलं आणि घरी आलो. विमान सहा आठवडे अडकलं. त्यातले दोन आठवडे नुसते आपत्कालीन ट्रान्समीटरच्या (अपघात झाला तर ठिकाण कळवणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीची वाट बघण्यात गेले. बॅटरीची मुदत तिच्या लेबलवर छापलेली असते, शेपटाकडचं झाकण उघडून आम्हाला जानेवारीतच वाचता आली असती. वर्कशॉपनेही विमान आत घेतल्यावर दहाव्या दिवशी ती बघितली, पण बोलणार कोणाला? झाकण आमचं, आळसही आमचा.

वहीचा नियम एकच ठेवला : लक्षण लिहायचं, निदान लिहायचं नाही. तारीख, इंजिनाचे तास, हवा, इंजिन गार की गरम, आणि काय दिसलं. डॉक्टरकडे जाऊन "मला ॲसिडिटी झालीय" सांगण्यापेक्षा "जेवल्यावर तासाभराने इथे जळजळतं" सांगितलेलं बरं असतं, तसंच.

आता मॅग्नेटोचं सांगतो, कारण वहीचे पैसे तिथे वसूल झाले. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, डावा आणि उजवा असे दोन असतात. उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासतात. एकावर टाकल्यावर फेऱ्या थोड्या पडतात. आमच्या विमानाच्या पुस्तकात मर्यादा १२५ ची आहे, आणि दोघांतला फरक ५० च्या वर नको. आम्ही तिघे आलटून पालटून उडवतो, त्यामुळे प्रत्येकाला आपला आकडा मर्यादेतच दिसायचा आणि प्रत्येक जण खुशाल उडून यायचा. वहीत मात्र डाव्याचे आकडे एकाखाली एक आले : जूनमध्ये ७०, जुलैत दुपारच्या उन्हात ८५, ऑगस्टअखेर लागोपाठ दुसऱ्या उड्डाणाला, इंजिन तापलेलं असताना, १०५. उजवा सगळीकडे साठच्या आसपास. नोव्हेंबरच्या थंडीत डावा परत ७५. तीन वेगळी अक्षरं, त्यात मास्तरांचं अक्षर वाचायला भिंग लागतं, पण गोष्ट एकच.

आमचे आताचे मेकॅनिक सत्तरीचे आहेत, कमी बोलतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "गरम असतानाच?" मी हो म्हटलं. मग त्यांनी लॉगबुक मागितलं. डाव्या मॅग्नेटोच्या मागच्या तपासणीला ४८६ तास झालेले. ५०० तासांनी तो तसाही उघडायचाच असतो. प्लग बदलून बघू, वायरिंग बघू, असं काही न करता त्यांनी सरळ मॅग्नेटो उतरवला. कॉइलवर केसासारखी बारीक चीर होती. बोटाच्या नखाने ती जाणवते, नुसत्या डोळ्यांना उजेड तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही. गार असताना चीर गप्प बसायची, तापली की त्रास द्यायची. तासाला शंभरावर डॉलर घेणाऱ्या माणसाने चाचपडत शोधलं असतं तर किती तास लागले असते याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

वहीचा फज्जाही उडाला, तेही सांगायला हवं. साताऱ्याच्या मित्राने ऑक्टोबरात एकच ओळ लिहिली : "रेडिओ खराब." बस्स. मेकॅनिकने दोन तास घालवले, रेडिओ ठणठणीत. शेवटी कळलं की त्याच्या स्वतःच्या हेडसेटची पिन सैल होती. त्या दोन तासांचं बिल त्याने एकट्याने भरलं आणि त्यानंतर त्याच्या नोंदी चांगल्या अर्ध्या पानाच्या येतात. दुसरी तक्रार पेनची. जानेवारीत हँगरमध्ये बॉलपेनची शाई गोठते. पेन्सिल दोऱ्याने बांधा.

वहीशिवाय बाकीची तयारी आम्ही एका शनिवारी उरकली. आधी आतलं सगळं बाहेर : हेडसेट, जुने नकाशे, उन्हाचे पडदे, पाण्याच्या बाटल्या. मागच्या सीटखाली चकलीचे तुकडे निघाले, बहुधा दिवाळीतले. हसण्यावारी नेणार होतो, पण मेकॅनिकने शेजारच्या विमानाचं उघडलेलं पंख दाखवलं. आत उंदराचं घरटं, आणि त्याच्या मुताने ॲल्युमिनियमवर पांढरट खड्डे पडलेले. तेव्हापासून विमानात फराळ बंद.

मग धुणं. तपासणीच्या नियमातच लिहिलंय की तपासणाऱ्याने आधी विमान आणि इंजिन स्वच्छ करायचं. म्हणजे तुम्ही धुतलं नाही तर ते धुतील, मेकॅनिकच्या दराने. पण पाठीवर झोपून पोट घासण्याआधी फोटो काढा. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात सगळं लख्ख केलं आणि मेकॅनिकची बोलणी खाल्ली, "माझा पुरावा धुऊन टाकलास!" तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो, पंखाखाली पेट्रोलचा निळा डाग कुठे आहे, यावरूनच गळती सापडते. यंदा आधी फोटो, मग साबण. धुताना स्टॅटिक पोर्टच्या भोकावर (उंची आणि वेगाच्या काट्यांना बाहेरच्या हवेचा दाब इथून कळतो) चिकटपट्टी लावायची असेल तर भडक केशरी लावा आणि वहीत "पट्टी लावली", "पट्टी काढली" अशा दोन नोंदी करा. १९९६ साली लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ ची पट्टी धुतल्यानंतर तशीच राहिली होती. उंची आणि वेगाचे काटे रात्रीच्या अंधारात खोटं दाखवत राहिले. ७० माणसं गेली.

कागदपत्रांत सगळी लॉगबुकं स्कॅन केली आणि उड्डाणयोग्यता आदेशांची (एखाद्या जातीच्या विमानातला दोष निघाला की सरकार काढतं त्या सक्तीच्या सूचनांची) यादी एका पानावर उतरवली : आदेश क्रमांक, शेवटी कधी पाळला, पुन्हा कधी. जुन्या सेस्नांच्या सीटच्या रुळांचा आदेश त्यात सगळ्यात वर. रुळाची भोकं झिजली की खिळ नीट बसत नाही, ऐन उड्डाणात सीट मागे घसरते आणि पायलट हातातल्या दांड्यासकट मागे जातो. आमच्या उजव्या रुळाचं चौथं भोक गोल राहिलेलं नाही, हे मलाच टॉर्च मारताना दिसलं. रूळ आधीच मागवून ठेवला. ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राची) २४ महिन्यांची चाचणीही याच खेपेत उरकली.

आणखी एक गोष्ट आम्ही विमान सोडतानाच लिहून दिली : तपासणी आणि दुरुस्ती वेगळी धरा. आधी काय काय सापडलं त्याची यादी द्या, आम्ही फोन करू, मग पाना हातात घ्या. मेकॅनिकना राग आला नाही, उलट बरं वाटलेलं दिसलं.

यंदा विमान नऊ दिवसांत बाहेर आलं. बिल मागच्या वर्षीपेक्षा फार कमी नाही, कारण मॅग्नेटो आणि रूळ फुकट येत नाहीत. पण बिलातली प्रत्येक ओळ वहीतल्या कुठल्या तरी ओळीशी जुळली. ज्याच्या विमानाला एकच मालक आहे त्याला कदाचित वही लागणारही नाही. दोन किंवा जास्त असतील तर घ्याच. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या रेडिओच्या ओळीसाठी कापला.

तपासणीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला मी एकटाच गेलो. दांडा डावीकडे वळवला की डाव्या पंखाची मागची हलती कड वर जातेय ना, हे दारातून वाकून दोनदा बघितलं. धावपट्टीभोवती तीन चकरा मारल्या. उतरल्यावर वहीत लिहिलं : "डावा ६५, उजवा ६०, इंजिन गरम. उजवीकडचा हवेचा झरोका शिट्टी वाजवतो, आधी वाजवत नव्हता."