मंगळवार, सकाळी अकरा : बाळाच्या वर्गाचा आठ महिन्यांचा अनुभव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बाळवर्गाकडून मोबाइलवर निरोप आला की माझी शिल्लक राहिलेली सात सत्रे रद्द झाली असून पुढच्या तिमाहीचे ३,६०० रुपये दहा तारखेपर्यंत भरावेत. त्या सातपैकी दोन मंगळवारी मेच्या सुट्टीमुळे वर्गालाच कुलूप होते. उरलेली पाच सत्रे शनिवारी घ्यावीत, अशी विनंती मी मे महिन्यातच लेखी केली होती आणि तिला उत्तर मिळाले नव्हते. त्या निरोपापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जे चालले, त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. आई आणि बाळ सतरंजीवर बसतात, गाणी, खुळखुळे, साबणाचे फुगे, थोडे मालिश आणि थोडा व्यायाम असतो, एवढे वाचकांना ठाऊक असेल, म्हणून त्याचे वर्णन पुन्हा करत नाही.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो आणि वर्ग सात रस्ता परिसरात आहे. मुलीचा जन्म सप्टेंबरचा. गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, जानेवारीच्या शेवटी, ती चार महिन्यांची असताना मी नाव घातले. त्या वेळी माझी अवस्था अशी होती की रात्री सलग दोन तास झोप मिळाली तर तो दिवस चांगला मानावा. यजमान सकाळी आठला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात जातात, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि दिवसभर घरात बोलायला दुसरे कोणी नाही. त्यामुळे वर्ग निवडताना मी ना वेळेचा विचार केला, ना अंतराचा. चार जणींनी चांगला म्हटला, म्हणून पूर्ण तिमाहीचे पैसे एकरकमी भरून मी मोकळी झाले. थकलेल्या माणसाने निर्णय घेण्याची ही पद्धत चुकीची होती, हे आज स्पष्ट दिसते.

सगळी अडचण अकराच्या वेळेत होती. चार ते नऊ महिन्यांच्या काळात माझी मुलगी सकाळी सहाला उठत असे आणि साडेदहाच्या सुमारास तिची पहिली मोठी झोप लागत असे. सव्वादहाला घरातून निघायचे म्हणजे नऊपासून तयारी करायची, सव्वानऊला अंघोळ, पावणेदहाला दूध, आणि रिक्षा होटगी रोडला लागेपर्यंत तिची मान माझ्या खांद्यावर कललेली. फेब्रुवारीतला एक मंगळवार मला अजून आठवतो. ती गाढ झोपली होती, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा थेंब सुकला होता आणि माझ्या ओढणीचे टोक तिच्या मुठीत होते. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या पाचव्या पायरीवर मी थांबले आणि वर चाललेली टाळ्यांची गाणी ऐकत राहिले. तिला उठवावे की परत फिरावे, हे ठरवायला मला दहा मिनिटे लागली. रिक्षावाले काका खाली थांबलेलेच होते, ते म्हणाले, "ताई, झोपू द्या लेकराला, मी सोडतो घरी." मी परत गेले. ते सत्र बुडाले आणि त्याचे ३०० रुपयेही बुडाले.

पहिल्या तिमाहीच्या बारा सत्रांपैकी अशी चार बुडाली. दोनदा ती झोपली म्हणून, एकदा सर्दीमुळे आणि एकदा पाण्यामुळे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या गल्लीत ज्या सकाळी पाणी येते, त्या सकाळी घरातल्या धडधाकट माणसाने बाहेर पडायचे नसते. नियम मात्र सर्वांना एकच होता: गैरहजेरीचे कारण कोणतेही असो, सत्र पुढे सरकवले जाणार नाही. मी हिशेबाची वही ठेवते, म्हणून आकडे सांगू शकते. शुल्क ३,६०० रुपये, आठ फेऱ्यांचे रिक्षाभाडे प्रत्येकी १६० प्रमाणे १,२८० रुपये, म्हणजे प्रत्यक्ष मिळालेले प्रत्येक सत्र ६१० रुपयांना पडले. पंचेचाळीस मिनिटांपैकी शेवटची सात-आठ मिनिटे सजवलेल्या पडद्यासमोर प्रत्येक बाळाचा फोटो काढण्यात जात होती, तीही याच दरात.

एवढे वाचून वर्ग निरुपयोगी होता असे कोणाला वाटेल, आणि मार्चच्या आरंभापर्यंत माझे मतही तसेच होते. ते बदलले, आणि का बदलले हे सांगितले नाही तर तो त्या शिक्षिकेवर अन्याय होईल. एके दिवशी सर्व बाळांना पोटावर ठेवून समोर खुळखुळा फिरवण्याचा खेळ चालला होता. शिक्षिका माझ्या मुलीजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी खुळखुळा तीनदा उजवीकडे नेला. तिन्ही वेळा मुलीने डोळे फिरवले, पण मान फिरवली नाही. मग त्यांनी हलक्या हाताने तिच्या डोक्याचा मागचा भाग चाचपला आणि विचारले, "घरी पाळणा भिंतीला लागून आहे का?" तो होता. भिंत उजव्या हाताला, त्यामुळे माणसे, उजेड, आवाज सारे डावीकडून. मुलगी सतत डावीकडेच पाहत झोपत असे आणि डोके त्या बाजूला किंचित चपटे झाले होते. डोक्याला आकार यावा म्हणून सासूबाईंनी प्रेमाने शिवलेली मोहरीची उशीही पाळण्यात होती. शिक्षिकेने कोणताही निष्कर्ष न काढता बालरोगतज्ज्ञांना दाखवा एवढेच सांगितले. डॉक्टरांनी मानेचा एक स्नायू आखडल्याचे निदान केले, ताण देण्याचे दोन व्यायाम शिकवले, पाळण्याची उशाकडची बाजू बदलायला लावली आणि वर्षाखालच्या बाळाला उशी नकोच म्हणून ती काढायला सांगितली. जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर ठेवा, असेही ते म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही रांगू न लागलेल्या बाळांसाठी हेच प्रमाण आहे. सातवा महिना संपेपर्यंत ती दोन्ही बाजूंना सारखीच मान वळवू लागली. त्या एका मंगळवारची किंमत मी ६१० रुपयांत धरत नाही.

वॉकरविषयीही त्या ठाम होत्या. बाळाला बसवून चाकांवर फिरवणारा वॉकर आणि उभ्या राहू लागलेल्या बाळाने ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांनी प्रत्येक आजीला समजावले. वॉकर जिन्यावरून घसरतो, बाळाचा हात गरम भांड्यापर्यंत पोहोचवतो आणि चालणे लवकर शिकवत नाही; कॅनडात त्याच्या विक्रीवर २००४ पासून बंदी आहे. आमच्याकडे भेट म्हणून आलेला वॉकर त्या आठवड्यात परत गेला.

भिंतीवरच्या तक्त्याविषयी माझी तक्रार अजून कायम आहे. "सहावा महिना : बसतो, बारावा महिना : चालतो" असे ठळक अक्षरांत लिहिले असल्यामुळे आया आपापल्या बाळाकडे पाहण्याऐवजी शेजारच्या बाळाकडे पाहत असत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाच देशांतील निरोगी मुले होती आणि त्यांत दक्षिण दिल्लीचीही होती. आधाराशिवाय बसण्याचा काळ त्यात ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आला आहे. काही मुले तर रांगण्याचा टप्पा गाळून थेट उभी राहतात. एवढी मोठी मोकळीक असताना एका ओळीचा तक्ता लावून रात्रभर जागलेल्या बाईला घोर लावणे योग्य नाही, असे मी शिक्षिकांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले, परंतु तक्ता संस्थेचा होता.

दरम्यान मी इतर पर्यायही पाहिले. पाच महिन्यांच्या बाळाला झरझर पत्ते दाखवून बुद्धी वाढवण्याचा एक कार्यक्रम होता. त्याचे शुल्क ऐकून मी उठून आले. संगीताचा एक ऑनलाइन वर्ग होता, पण एक वर्षाखालील बाळाने पडदा पाहूच नये, अशी स्पष्ट शिफारस असताना पडद्यावरून संगीत शिकवण्याला अर्थ नव्हता. अंगणवाडीत मात्र मी आधी जायला हवे होते. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि तरीही आमच्यासारख्या घरांत अंगणवाडी म्हणजे खिचडी एवढीच समजूत आहे. आमच्या भागातील सेविका दर महिन्याला वजन घेतात, तक्त्यावर ठिपका मांडून वाढीची रेघ कुठे चालली आहे ते दाखवतात, आणि २०२४ मध्ये आलेल्या 'नवचेतना' या आराखड्यातले तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे खेळ सांगतात. वाटीवर चमचा वाजवणे, पदराआड तोंड लपवणे, डब्यात चेंडू टाकून काढणे असे हे खेळ आहेत. वर्गात जे रंगीत खोक्यातून निघत होते त्यातले बरेचसे येथे स्वयंपाकघरातून निघते, आणि पैसे पडत नाहीत.

आता दुसऱ्या तिमाहीकडे येते. मानेच्या प्रसंगामुळे मी एप्रिलमध्ये पुन्हा ३,६०० रुपये भरले आणि वेळेचा प्रश्न पुन्हा बाजूला टाकला. एप्रिल-मेमध्ये पाच सत्रे मी न चुकता गाठली, पण बाराच्या सुमारास वर्ग सुटे तेव्हा पारा ४० अंशांच्या वर असे आणि रिक्षाच्या रेक्झिनला हात लावता येत नसे. ओला पंचा तिच्या डोक्यावर धरून मी घरी येत असे, तिसऱ्या वेळी सासूबाई दारातच म्हणाल्या, "असल्या उन्हात कशाला नेतीस गं तिला?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सहकारी बँकेत नोकरी करते. २६ आठवड्यांची प्रसूती रजा फेब्रुवारीअखेर संपली होती, त्यापुढे तीन महिने बिनपगारी घेतले आणि जूनला रुजू झाले. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून शनिवारची मागणी केली. शनिवारच्या बॅचमध्ये जागा आहे हे मला तेथील दोन आयांकडून माहीत होते. तरीही कार्यालयाचे म्हणणे एकच होते की नियम म्हणजे नियम.

भांडण मी शांतपणे केले. पावतीची प्रत जोडून पत्र दिले आणि त्यात लिहिले की जी दोन सत्रे तुम्ही घेतलीच नाहीत, त्यांचे पैसे ठेवून घेणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा आयोगाकडे जाऊ शकते, जेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तीन आठवडे उत्तर नाही. मग मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्यांना कळवला. ऑगस्टच्या मध्यावर ६०० रुपये खात्यात जमा झाले. उरलेल्या पाच सत्रांचे १,५०० रुपये गेले ते गेलेच. या तिमाहीतले एक सत्र मला रिक्षा धरून ७६० रुपयांना पडले.

पैशांपेक्षा मला दुसरी एक गोष्ट अधिक लागली. आठ महिन्यांच्या या काळात मी खरी शोधत होते ती बोलायला माणसे, आणि वर्गात त्याला जागाच नव्हती. पावणेबाराला गाणे थांबे, पुढची बॅच जिन्यात उभी असे, आणि आम्ही चपला शोधत एकमेकींना "बरं, पुढच्या मंगळवारी" म्हणून निघत असू. जूनमध्ये आमच्यातल्याच एकीने सुचवले की तिच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर संध्याकाळी सहाला जमू. आम्ही सहा जणी आहोत. दोन सोलापुरी चादरी अंथरायच्या, प्रत्येकीने घरातली एक-दोन भांडी आणायची, आणि महिन्याला पन्नास रुपये काढायचे, तेही चहाचे. एक जण अशोक चौकाकडची, तिच्या घरी तेलुगू. दुसरीचे माहेर अक्कलकोटकडे, ती बाळाशी कन्नडमध्ये बोलते. वर्गातली गाणी बहुतेक इंग्रजी असत. येथे सहा बाळे तीन भाषांतली बडबड ऐकतात, आणि माझी मुलगी तेलुगू अंगाई लागली की वाटी वाजवायची थांबते आणि गाणारीच्या तोंडाकडे पाहत राहते.

या गटातही उणिवा आहेत. खोकणाऱ्या बाळाला घेऊन येऊ नका हे एकीला दोनदा सांगावे लागले, आणि मान न वळवणारे बाळ ओळखणारी शिकलेली नजर आमच्यात कोणाकडे नाही. परंतु जुलैत एका संध्याकाळी आमच्यातली एक जण दूध पुरत नाही म्हणून सांगता सांगता रडू लागली, तेव्हा एकीने तिचे बाळ घेतले, दुसरीने पाणी दिले, आणि तिसरीने दुसऱ्या दिवशी बरोबर डॉक्टरांकडे येते म्हणून वेळ ठरवली. साडेसात वाजून गेले तरी जिन्यात कोणती बॅच उभी नव्हती.

मागच्या आठवड्यात मुलगी एक वर्षाची झाली. तिची दुपारची झोप आता चारपर्यंत संपते. वर्गाकडून परवा पुन्हा निरोप आला की नोव्हेंबरपासून सायंकाळी साडेपाचची बॅच सुरू होत आहे आणि शिक्षिका त्याच आहेत. बँकेतून मी सव्वापाचला सुटते. मी एका सत्राचे पैसे घेता का, असे विचारले आहे. तिमाहीचे भरणार नाही, हेही त्याच निरोपात लिहिले आहे.